सुभेदारांची पेन्शन आणि कर्नलसाहेबांचा सत्कार

आपल्या वस्तीतला मुलगा सैन्यात अधिकारी होतो, तीस-बत्तीस वर्षे सीमेवर आणि छावण्यांत काढतो, कर्नल म्हणून निवृत्त होऊन घरी येतो, तेव्हा समाजाला आनंद होणारच. बुद्धविहारात सत्कार ठरतो, चौकात बॅनर लागतो. त्रिशरण-पंचशील होते. शाल, पुष्पगुच्छ, बुद्धमूर्ती, संविधानाची प्रत दिली जाते. (नारळ आपण केव्हाच सोडला, हे बरे झाले.) मग स्थानिक नेत्यांची भाषणे सुरू होतात. त्यांत येऊ घातलेली निवडणूक असते, दुसऱ्या गटाला टोले असतात, नसतो तो फक्त सत्कारमूर्ती. कर्नलसाहेबांना शेवटची पाच मिनिटे मिळतात, तोवर मागच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

सत्काराला आमचा विरोध नाही. पण निवृत्त फौजी माणूस आंबेडकरी चळवळीचा कोण लागतो, हे आपण विसरलो आहोत काय?

गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. सैन्यात हवालदार होते. १८८६ मध्ये निवृत्त झाले, दापोलीला राहू लागले आणि दोनच वर्षांत, १८८८ मध्ये, 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारू लागले. अनार्य दोष परिहारक मंडळी त्यांनीच उभी केली. गावकीत राबणाऱ्या, भाकरीसाठी पाटलाच्या दारात उभे राहावे लागणाऱ्या माणसाला हे करता आले असते काय? गोपाळबाबांना लिहिता-वाचता येत होते, कारण पलटणीत शिक्षण मिळाले. आणि त्यांची चूल गावाच्या मर्जीवर पेटत नव्हती, कारण पेन्शन सरकारकडून येत होती. अक्षर आणि पेन्शन, या दोन गोष्टींनी माणसाचा कणा ताठ झाला.

सुभेदार रामजी सकपाळांचे तेच. लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते, महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले, आणि नंतर थोड्याच वर्षांत रामजीबाबा निवृत्त झाले. पुढे मुंबईत परळच्या चाळीत राहताना मुलाने पुस्तक मागितले की हा बाप लग्न झालेल्या लेकींकडे जाई, त्यांचा दागिना गहाण टाकी, आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत करी. बाबासाहेबांच्या ग्रंथालयाचा पाया एका पेन्शनर सुभेदाराने घातला, असे आम्ही म्हणतो, त्यात अतिशयोक्ती नाही.

हा सुभेदार कितीही हुशार असो, नुकत्याच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटलाही त्याला सलाम ठोकावा लागे. त्याच्या वरची पायरी हिंदी माणसाला त्या काळी बंदच होती. आणि खालची पायरीही इंग्रजांनी १८९०च्या दशकात काढून घेतली. लढवय्या जातींचे थोतांड काढून महारांची भरती थांबवली. कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या नातवंडांना सांगितले गेले की, तुम्ही लढवय्ये नाही! १८९४ मध्ये गोपाळबाबांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी ही भरतीबंदी आवर्जून काढली होती. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. अर्जांना पन्नास वर्षे लागली, बंधूंनो!

तेव्हा सुभेदारापासून कर्नलपर्यंतचे अंतर एका माणसाने एकट्याने कापलेले नाही. कर्नलसाहेबांनाही हे ठाऊक असते. सगळ्यांनाच असते असे नाही; काहीजण निवृत्तीनंतर शहरातल्या सोसायटीत फ्लॅट घेतात आणि विहाराचा रस्ता विसरतात. त्यांच्याबद्दल आम्हाला राग आहे. पण जो विहारात आला आहे, त्याला आपण काय देतो? शाल!

सेवेत असताना त्याला राजकीय सभेला जाता येत नव्हते, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहिता येत नव्हते. तीस वर्षे तोंड बंद ठेवलेला माणूस आता बोलू शकतो, आणि आपण त्याला पाच मिनिटे देतो. त्याच्याकडून ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. सैन्यात आरक्षण नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या परीक्षेत आपल्या मुलाला फी माफ आहे, जागा राखीव नाही. लेखी परीक्षा पास झाला तरी पुढे पाच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत असते. तिथे गटचर्चा, मैदानी कामे, इंग्रजीत बोलणे, आणि मुख्य म्हणजे न बुजता चारचौघांत उभे राहणे तपासले जाते. हे गाइड वाचून येत नाही. ज्याने ते पार केले त्याच्यासमोर बसावे लागते. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये अनुसूचित जातीसाठी १५ टक्के जागा आहेत. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. आपल्या किती वस्त्यांत या दोन नावांची माहिती आहे?

आणखी एक प्रश्न कर्नलसाहेबांना भर सभेत विचारायला हवा. २०२२ मध्ये केंद्राने अग्निपथ आणली. शिपाई होणाऱ्या मुलाची मुदत चार वर्षे ठरली, त्यांतल्या फार तर २५ टक्क्यांना पुढे कायम करायचे, बाकीच्यांना अकरा लाखांवर रक्कम देऊन घरी पाठवायचे असे ठरले. त्यांना पेन्शन नाही. अधिकाऱ्यांना ही योजना लागू नाही, म्हणून सत्काराच्या दिवशी तिचा विषय निघत नाही. पण आपली बहुतेक मुले शिपाई म्हणूनच जातात. ज्या पेन्शनीवर गोपाळबाबांनी पुस्तिका काढली आणि रामजीबाबांनी दागिने सोडवले, तीच गेली. पंचविशीच्या आत घरी आलेल्या या मुलांचे पुढे काय, हे ज्याने जवानांच्या तुकड्या सांभाळल्या त्याच्याइतके कोण सांगू शकेल?

म्हणून कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. पुढचा सत्कार ठरेल तेव्हा पत्रिकेवर वक्त्यांची नावे कमी छापा. पहिला तास कर्नलसाहेबांचा ठेवा आणि दहावी-बारावीची मुले-मुली पुढच्या सतरंजीवर बसवा. मुलींनाही २०२२ पासून खडकवासल्याला प्रवेश मिळू लागला आहे. शाल द्यायचीच असेल तर द्या. पण पुढच्या रविवारी सकाळी नऊला विहाराचे दार उघडे ठेवा, फळा पुसून ठेवा आणि साहेबांना आठवण करायला एक पोरगा घरी पाठवा.