कायदा होता, मग तो लागला का नाही?

कोंढा हे पवनी तालुक्यातले गाव आणि खैरलांजी मोहाडी तालुक्यातले. दोन्ही गावे भंडारा जिल्ह्यातली, एकाच जिल्हा न्यायालयाच्या अंमलाखालची. त्यामुळे खैरलांजी हे आपल्याकडे केवळ वर्तमानपत्रातले नाव नाही. वर्षावासातले ग्रंथवाचन आटोपून मंडळी विहाराच्या ओट्यावर टेकली आणि सप्टेंबरची अखेर असली, की हा विषय निघतोच. मग एखादी वयस्क आई विचारते, "कायदा व्हता ना बाप्पा, मंग तो लागला काऊन नाई?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे, तर कायदा म्हणजे काय आणि तो गावात कसा वावरतो, याचाच विचार करावा लागतो.

आधी घटना आठवू. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची, म्हणजे आई, मुलगी आणि दोन मुलांची, जमावाने हत्या केली. एकटे भैयालाल भोतमांगे वाचले. त्याआधी शेतातून वाट काढण्यावरून वाद होता. शेजारच्या गावच्या एका पोलीस पाटलाला मारहाण झाली होती आणि त्या प्रकरणी या मायलेकींनी साक्ष दिली होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये अकरापैकी आठ जणांना दोषी धरले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी फाशी रद्द करून जन्मठेप केली. मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपण ज्याला ॲट्रॉसिटी म्हणतो तो, भंडाऱ्यातही लागला नाही आणि नागपुरातही लागला नाही. खून जातीच्या कारणाने झाले नसून साक्षीचा सूड म्हणून झाले, असे उच्च न्यायालयाने मानले. न्यायाची वाट पाहत भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये वारले.

हा कायदा १९८९ चा. ३० जानेवारी १९९० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम ३(२)(पाच) मध्ये असे होते की, दहा वर्षे वा अधिक शिक्षेचा गुन्हा एखाद्या व्यक्तीविरुद्ध ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' केला, तर जन्मठेप. सारी अडचण या दोन शब्दांत होती. न्यायालय आरोपीच्या मनात डोकावून विचारते, तू हे का केलेस? तिथे त्याला सूड दिसतो, वाटेचे भांडण दिसते. जात दिसत नाही.

वास्तविक गावात जात एकट्या माणसाच्या मनात नसते. ती शेताच्या बांधावर असते, पाणवठ्यावर असते, कोण कोणापुढे मान वर करून बोलतो यात असते. शेतीचे भांडण गावात कोणाचेही होते. पण ते भांडण कोणाच्या घरावर जमाव घेऊन जाते आणि कोणत्या बाईने साक्ष दिली म्हणजे गावाचा अपमान होतो, हे जातच ठरवते. सूड आणि जात ही दोन निराळी कारणे आहेत असे समजणे, ही पुस्तकी समजूत झाली.

एर्लिख नावाच्या ऑस्ट्रियन विधिपंडिताने १९१३ साली असे मांडले की, सरकारच्या पुस्तकातला कायदा वेगळा आणि माणसे प्रत्यक्ष ज्याप्रमाणे वागतात तो जिवंत कायदा वेगळा. आपल्या लोकांना हे कोणी परदेशातून सांगण्याची गरज नव्हती. महाडला ते आपण भोगले होते. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागदावर चवदार तळे खुले झाले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, तेव्हा लोकांची डोकी फुटली. विरोधक उलट न्यायालयात गेले आणि 'ही पुरातन रूढी आहे' असे म्हणू लागले. म्हणजे गावचा कायदा सरकारी कायद्याच्या दारात हक्क मागत उभा राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. पाणी हातात आल्यापासून निकाल हातात येईपर्यंत दहा वर्षे गेली.

बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. कायद्यावर त्यांच्याइतका विश्वास कोणाचा असेल? तरीही जानेवारी १९४३ मध्ये पुण्याच्या रानडे व्याख्यानात त्यांनी बजावले होते की, हक्कांचे खरे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची सामाजिक व नैतिक जाणीव करते. समाजच हक्क मानीत नसेल तर कायदा, कायदेमंडळ आणि न्यायालय कोणीही पुरे पडत नाही. पण याचा अर्थ कायदा निरुपयोगी असा काढू नये. कायद्याचा शब्द बदलतो तेव्हा न्यायालयाचा प्रश्नही बदलतो.

तसा तो बदलला आहे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता 'या कारणावरून' ऐवजी, पीडित अनुसूचित जातीचा आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला, एवढे पुरे. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. उलट सिद्ध करणे आरोपीकडे. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शब्दांबद्दलही म्हटले की, जात हे एकमेव कारण असलेच पाहिजे असे नाही. संविधानाच्या कलम २० मुळे नवी शिक्षा जुन्या गुन्ह्याला लावता येत नाही, म्हणून खैरलांजीला या दुरुस्तीचा उपयोग नाही. पण पुढच्यांना आहे.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, काही गोष्टी घरोघरी माहीत असू द्या. घरातल्या प्रत्येकाचे जातीचे प्रमाणपत्र काढून ठेवा. खटल्यात पीडिताची जात सिद्ध करावी लागते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही तो दर्जा मिळाला आहे. धम्म स्वीकारला म्हणून कायद्याचे संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. तक्रार देताना मागची भांडणे तारखेसह सांगा, किती वर्षांची ओळख ते सांगा, जातीवरून बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायला लावा. लाज वाटली तरी गाळू नका. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालील अधिकाऱ्याने करायचा नसतो. किराणा बंद, मजुरी बंद, बोलणे बंद असा बहिष्कार टाकणे हाही आता गुन्हा आहे.

आणि सर्वांत कठीण गोष्ट. त्या मायलेकींनी साक्ष दिली होती. कायदा साक्षीदाराच्या पायांनी चालतो. जी बाई खरे बोलायला उभी राहते, तिच्या घरी त्या रात्री चार माणसे झोपायला जाणे हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते आपणच लिहायचे आहे.

ओट्यावरच्या त्या आईला म्हणूनच सांगावे लागते, "आई, कायदा होता. त्याचा शब्द अपुरा होता, तो आता सुधारला. उरलेले काम गावात आहे, आपल्यात आहे."