दगडाच्या बाणाचे टोक

अमेरिकेत कॅलिफोर्नियात इशी नावाचा एक आदिवासी होता. गोऱ्यांनी त्याचे लोक मारले. तो एकटा उरला. १९११ साली तो डोंगर सोडून खाली आला. काळ्या, काचेसारख्या दगडापासून तो बाणाची टोके घडवी. बाटलीची काचही त्याला चाले! १९१६ साली तो क्षयाने गेला. पण संग्रहालयातल्या माणसांनी त्याचे काम पाहून लिहून ठेवले, म्हणून ती विद्या राहिली.

आम्हीही बाटलीच्या जाड बुडावर हात बसवला. आधी वाटले, ठोकले की झाले. कसचे काय! काचेचे दोन तुकडे. टोक घडते ते दाबून. तळहातावर जाड चामडे घ्यावे. काचेची कड आधी खरखरीत दगडावर घासावी. धारदार कड दाब सोसत नाही, तिचा चुरा होतो. मग लाकडी मुठीतला तांब्याचा खिळा कडेवर टेकवून आत दाबावा. खालून खवल्यासारखी कपची उडते. डोळ्यांवर चष्मा हवाच, नाहीतर डोळा जायचा! काम उघड्यावर करावे, भुकटी छातीत जाऊ देऊ नये. कपच्या गोणपाटावर गोळा कराव्यात. घरात पोरे अनवाणी फिरतात.

आमची पहिली चार टोके दोरा बांधायची खाच पाडतानाच मोडली. पाचवे जमले, पण जरा वाकडेच.