सपाट पडद्यावरची खोली : ‘स्क्रॅच’मध्ये त्रिमितीय खेळ कसा घडतो

इंग्लंडच्या शाळांत सप्टेंबर २०१४ पासून ‘कम्प्युटिंग’ हा विषय वयाच्या पाचव्या वर्षापासून अभ्यासक्रमात आला आणि स्क्रॅचचे केशरी मांजर इथल्या मराठी घरांतही परिचयाचे झाले. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम रचण्यात मुले वर्ष-दोन वर्षे रमतात. मग एके दिवशी तक्रार येते : हे सगळे सपाट आहे, मला ‘थ्रीडी’ गेम करायचा आहे. पालक बहुधा युनिटी किंवा अनरियल इंजिनचा सशुल्क वर्ग शोधू लागतात. माझ्या मते ही घाई आहे. स्क्रॅचमध्ये त्रिमितीसाठी एकही तयार ठोकळा नाही, हे खरे; परंतु नेमक्या त्याच उणिवेमुळे खोलीचा आभास कुठून येतो, हे मुलाला स्वतःच्या हाताने रचून पाहता येते. तयार इंजिनात घन पडद्यावर ओढून आणला की सावलीसकट उभा राहतो. तो तसा का दिसतो, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

स्क्रॅच एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने घडवले आणि २००७ साली ते सर्वांसाठी खुले झाले. त्याचे मूळ आणखी मागे, १९६७ च्या ‘लोगो’ या भाषेत आणि सीमोर पेपर्ट यांच्या विचारांत आहे. लोगोतले कासव पुढे सरकते, वळते आणि मागे रेघ सोडत जाते. स्क्रॅचमधील स्प्राइटही तेच करतो. त्याचा रंगमंच ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच आहे. स्थान सांगायला एक्स आणि वाय हे दोनच अंक. तिसरा अंक, म्हणजे अंतर, आपल्याला एखाद्या चलात किंवा यादीत स्वतःच सांभाळावा लागतो.

त्या तिसऱ्या अंकाचे करायचे काय? इथे दहावीच्या भूमितीतील समरूप त्रिकोण आठवावेत. डोळा, पडदा आणि पलीकडचा खांब अशी कल्पना केली, तर डोळ्यापासून पडद्यावरील चित्रापर्यंतचा छोटा त्रिकोण आणि खांबापर्यंतचा मोठा त्रिकोण समरूप असतात. म्हणून पडद्यावरची उंची म्हणजे खरी उंची गुणिले डोळा-पडदा अंतर, भागिले खांबाचे अंतर. दृष्टीचा कोन ६० अंश धरला, तर ४८० एकक रुंद पडद्यासाठी डोळा-पडदा अंतर सुमारे ४१६ एकक येते. मग १०० एकक उंचीचा खांब २०० एककांवर असताना पडद्यावर २०८ एकक दिसेल, ४०० वर १०४ आणि ८०० वर ५२. अंतर दुप्पट, उंची निम्मी. स्टेशनवर उभे राहिल्यावर दूरवर एकत्र येणारे रूळ दिसतात, त्यामागे हाच भागाकार आहे. फ्लॉरेन्सच्या आल्बेर्तीने १४३५ च्या आपल्या चित्रकलेवरील ग्रंथात हीच दृष्टी नियमबद्ध केली होती. आजची महागडी ग्राफिक्स कार्डेही अखेरीस अंतराने भागतातच. फक्त ते मॅट्रिक्सच्या आड घडत असल्याने अनुभवी अभियंत्यालाही अनेकदा त्याचा विसर पडलेला असतो.

या भागाकाराचा सर्वांत सोपा वापर म्हणजे स्प्राइटचा आकार अंतराप्रमाणे बदलणे. रस्त्याकडेची झाडे क्लोन करून प्रत्येकाला आपापले अंतर द्यावे, ते दर क्षणी कमी करावे, आकार त्या प्रमाणात वाढवावा आणि जवळचे झाड पुढच्या थरावर आणावे. एका दुपारात गाडीचा खेळ उभा राहतो. एका प्रकल्पात ३०० पेक्षा अधिक क्लोन होत नाहीत, पण झाडांना तेवढे पुरतात.

खरी गंमत मात्र भिंतींची आहे. मे १९९२ मध्ये इड सॉफ्टवेअरचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ हा खेळ आला. त्यातील चक्रव्यूह वस्तुतः चौकटीच्या कागदावर काढावा तसा सपाट नकाशा होता. जॉन कारमॅक यांनी वापरलेली युक्ती ‘रेकास्टिंग’ म्हणून ओळखली जाते. खेळाडूच्या स्थानापासून पंख्याच्या काड्यांसारखे किरण सोडायचे, प्रत्येक किरण किती अंतरावर भिंतीला लागला ते मोजायचे आणि पडद्यावर त्या जागी तेवढ्या अंतराला साजेशा उंचीची एक उभी पट्टी काढायची. पट्ट्या शेजारी शेजारी आल्या की दालन तयार होते.

हे स्क्रॅचमध्ये जवळजवळ शब्दशः करता येते. वरून पाहिल्यासारखा चक्रव्यूह एका स्प्राइटवर रंगवावा आणि घोस्ट इफेक्ट १०० करून तो अदृश्य करावा. इथे ‘लपवा’चा ठोकळा वापरू नये, कारण लपवलेल्या स्प्राइटला स्पर्श झाल्याचे कळत नाही; घोस्ट केलेल्याला झाल्याचे कळते. दुसरा एक लहानसा स्प्राइट म्हणजे आपला किरण. तो खेळाडूच्या जागेवरून निघतो, भिंतीला स्पर्श होईपर्यंत पावले टाकतो आणि पावले मोजतो. मोजणी झाली की पेन पट्टी काढते, किरण परत येतो, अर्धा अंश वळतो आणि पुन्हा निघतो. ६० अंशांत असे १२० किरण, प्रत्येकाची पट्टी ४ एकक रुंद. ४८० एकक भरले.

पहिल्यांदा चित्र उमटते तेव्हा समोरची सरळ भिंत मधे फुगलेली दिसते. मुलाला वाटते, प्रोग्राम चुकला. वस्तुतः मोजमाप बरोबरच आहे, पण ते तिरक्या रेषेवरचे आहे. भिंत समोर २०० एककांवर असेल, तर ३० अंश कडेला गेलेला किरण तिला २३१ एकक चालून भेटतो, म्हणून तिथली पट्टी २०८ ऐवजी १८० उंचीची निघते. उपाय एका गुणाकाराचा : मिळालेल्या अंतराला त्या कोनाच्या कोसाइनने गुणावे. ३० अंशांचा कोसाइन ०.८६६, २३१ चे पुन्हा २०० होतात आणि भिंत सरळ होते. ज्या मुलाला कोसाइन शाळेत अजून भेटलेला नाही, त्याला हा क्षण मी मुद्दाम अनुभवू देईन. पुढे वर्गात कोसाइन येईल तेव्हा तो त्याच्यासाठी फुगलेली भिंत सरळ करणारा ओळखीचा गडी असेल.

(जाता जाता : त्या काळातील संगणक संथ असल्याने असे खेळ साइनची किंमत दर वेळी न काढता आधी तयार केलेल्या कोष्टकातून घेत. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २४ अर्धज्यांची कोष्टकवजा मांडणी केली होती, आणि ‘साइन’ हा शब्दही ‘ज्या’ किंवा ‘जीवा’चेच अरबी आणि लॅटिन वळणे घेत आलेले रूप आहे.)

दोन अडचणी बहुतेकांना गाठतात. पहिली दिशेची. स्क्रॅचमध्ये ० अंश म्हणजे वर आणि ९० म्हणजे उजवीकडे. पाठ्यपुस्तकात ० उजवीकडे असतो. त्यामुळे इथे एक्समधील बदल साइनने आणि वायमधील कोसाइनने काढावा लागतो. पुस्तकातील सूत्र जसेच्या तसे उतरवणाऱ्या अभियंता पालकाचाच इथे अधिक गोंधळ होतो.

दुसरी अडचण वेगाची. स्क्रॅच सेकंदाला ३० चित्रे दाखवते आणि एरवी प्रत्येक पट्टीनंतर पडदा ताजा करू पाहते. म्हणजे १२० पट्ट्यांच्या एका चित्राला किमान चार सेकंद. यासाठी स्वतःचा ठोकळा तयार करताना ‘पडदा ताजा न करता चालवा’ हा पर्याय निवडावा, म्हणजे पूर्ण चित्र एकदमच उमटते. तरीही हिशेब मोठाच राहतो. प्रत्येक किरणाला ४० पावले धरली, तर एका चित्राला ४,८०० आणि सेकंदाला १,४४,००० पावले होतात. पट्ट्या रुंद करणे, पाऊल मोठे करणे, किंवा स्पर्श तपासण्याऐवजी नकाशा यादीत ठेवून चौकटीवरून चौकटीवर उडी मारणे असे मार्ग निघतात. प्रत्येकात काहीतरी सोडावे लागते : पाऊल मोठे केले की भिंतीच्या कडा करवतीसारख्या दिसतात. टर्बोवॉर्प हे स्वतंत्र साधन तेच प्रकल्प जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित करून बरेच वेगाने चालवते, पण ते पहिल्या दिवशीच हाती देऊ नये असे मला वाटते. संथपणा सोसल्याशिवाय तडजोडीची गरज पटत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. भिंती सगळ्या एकाच उंचीच्या, जमीन सपाट, मान वर-खाली करण्याची सोय नाही. घन खरोखर फिरवायचा असेल, तर त्याचे ८ कोपरे तीन याद्यांत साठवावेत, ते फिरवावेत, अंतराने भागावेत आणि १२ कडा पेनने जोडाव्यात. इथवर आनंद आहे. पुढे ६ पृष्ठे रंगवायची म्हटली, की दूरची आधी आणि जवळची नंतर असा क्रम लावावा लागतो. आणि तीन फळ्या एकमेकींवर चक्राकार रचलेल्या असतील, तर कोणताच क्रम बरोबर येत नाही. शिवाय पाठीमागचे बिंदू ऋण अंतरामुळे उलटे होऊन समोर उमटतात. अंतर शून्य झाले, तर स्क्रॅच थांबत नाही, उत्तर ‘अनंत’ देते आणि रेघ पडद्याबाहेर कुठेतरी झेपावते. असे बिंदू आधीच छाटावे लागतात.

मुलगा किंवा मुलगी या छाटणीपर्यंत पोहोचली, की मोठे इंजिन हाती द्यायला हरकत नाही. त्याच्या कॅमेऱ्याच्या रकान्यातील ‘निअर क्लिपिंग प्लेन’ हा शब्द तिला कुणी समजावून सांगावा लागणार नाही. तोवर सुरुवात एकाच किरणाने करावी. एक भिंत, एक किरण आणि अंतर दाखवणारा एक चल. बाणाच्या कळीने किरण वळवत भिंतीवरून फिरवावा आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा कुठे सर्वांत लहान होतो, ते मुलाला आधी ओळखायला सांगावे.