विमा फोनवर घ्यावा की घरी आलेल्या एजंटकडून?

वस्त्यांमध्ये बचत गटांच्या बैठका घेताना विम्याचा विषय निघाला की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. फोनवरून विमा विकणाऱ्यांवर विश्वास ठेवावा, की ओळखीच्या एजंटकडूनच पॉलिसी घ्यावी? विचारणाऱ्यांचे स्वतःचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: ओळखीचा माणूस बरा. आम्हाला ते अर्धेच पटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. त्यामागे दोन कारणे होती. माणसाच्या पैशाला राज्याची हमी मिळेल आणि राज्याला विकासासाठी भांडवल मिळेल. पुढे १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ खासगी विमा कंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, पण सक्ती आली नाही. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांनाही पुन्हा दार उघडले. म्हणजे बाबासाहेबांच्या कल्पनेत जो विमा विकावाच लागणार नव्हता, तो आज घरोघरी आणि फोनोफोनी विकला जातो. विकणारा आला की त्याचे कमिशनही आले.

आपल्या वस्तीतला एजंट हा बहुधा कोणाचा तरी मेहुणा असतो, नाहीतर विहाराच्या कमिटीतला कार्यकर्ता. याचा फायदा मोठा आहे. तो मराठीत समजावतो, हप्त्याची आठवण करतो, घरात मृत्यू झाला तर दाव्याचे कागद भरायला येतो. फोनवरची मुलगी हे करणार नाही. पण तोटाही त्याच नात्यातून येतो. त्याला नाही म्हणता येत नाही. पहिल्या वर्षाचे कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा जास्त असते, त्यामुळे मार्च जवळ आला की संकोचापोटी घेतलेल्या पॉलिसी वाढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्ता न भरल्याने बंद पडतात. त्यातही ‘पैसे परत मिळणारी’ पॉलिसीच गळ्यात पडते. महिना दोन हजार भरूनही संरक्षण चार-पाच लाखांच्या आसपास. तेवढ्याच किंवा कमी पैशांत कितीतरी मोठे संरक्षण देणारा मुदत विमा असतो, पण त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात. घरकाम करणाऱ्या ताईंकडे तो कुठून असणार? हा दोष एजंटचा नाही, हेही सांगितले पाहिजे.

खरा घात होतो तो प्रस्ताव अर्जावर. एजंट अर्ज स्वतः भरतो आणि फुलीच्या खुणेवर सही घेतो. शुगर, बीपी, तंबाखू यांच्यापुढे ‘नाही’ लिहिले जाते, कारण ‘हो’ लिहिले तर वैद्यकीय तपासणी लागेल, हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसीच मिळणार नाही. दीड वर्षाने माणूस गेला की कंपनी दवाखान्याचे जुने कागद काढते आणि दावा अडतो. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पण त्या तीन वर्षांत लपवलेली माहिती सापडली तर घेता येतो. अर्ज कोणी भरला हे तेव्हा कोणी विचारत नाही. सही तुमची असते.

फोनवरच्या विक्रीत हीच गोष्ट आवाजाने होते. भराभर हिंदीत प्रश्न येतात, ‘कोई बीमारी नहीं है ना?’ आणि आपण ‘जी, जी’ म्हणत राहतो. ते बोलणे रेकॉर्ड होते. ते रेकॉर्डिंग तुमच्या बाजूनेही पुरावा ठरते. एजंटने स्वयंपाकघरात बसून दिलेल्या आश्वासनाचा असा पुरावा नसतो. गंमत म्हणजे समोरासमोर विकलेल्या पॉलिसीचीही खात्री करायला कंपनी अनेकदा फोनच करते, आणि एजंट आधीच शिकवून ठेवतो: ‘काही विचारलं तरी हो म्हणा.’ एका ताईंना पाच वर्षे हप्ता भरायचा असे सांगितले होते, कागदावर पंधरा वर्षे निघाली. खात्रीच्या फोनवर त्यांनी त्या पंधरा वर्षांनाही हो म्हटले होते.

फोनवर आणखी एक धोका आहे, जो घरी आलेल्या माणसाकडून क्वचित होतो. ‘विमा नियामक कार्यालयातून बोलतोय, तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, तो सोडवायला नवी पॉलिसी काढा.’ नियामक संस्था कोणतीही पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही. असा फोन तिथेच ठेवावा. ओटीपी सांगू नये, कोणा व्यक्तीच्या खात्यात किंवा यूपीआयवर हप्ता टाकू नये. एजंटच्याही नाही.

मग आमचे मत काय? घरी आलेल्या माणसाकडून घ्या, पण अर्ज आपल्या घरातल्या शिकलेल्या पोराने-पोरीने भरावा आणि प्रत ठेवावी. फोनवर घ्यायची वेळ आली तर ‘मराठीत बोला’ म्हणा आणि त्याच दिवशी पैसे भरू नका. घाई करणारा कोणीही असो, त्याला थांबवावे. धम्मात ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे, येऊन पाहा. पॉलिसीच्या कागदालाही तेच लागू करायला हरकत नाही.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती नको म्हणून परत करता येते. पूर्वी एजंटकडून घेतलेल्या पॉलिसीला १५ दिवस होते, २०२४ पासून सगळ्यांना ३० झाले. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा भाग कापून बाकी पैसे मिळतात. अडचण अशी की पॉलिसी ज्या ई-मेलवर येते तो सायबर कॅफेवाल्याने काढलेला असतो, आणि कागदी बॉण्ड एजंटच्या बॅगेत राहतो. मुदत अशीच निघून जाते. ई-मेल घरातल्याच कोणाचा द्या, बॉण्ड मागून घ्या.

ज्यांना एजंट आणि फोन दोन्ही नकोत, त्यांच्यासाठी बँकेत एक मार्ग आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयाच्या खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो, तर सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक हवी. घरात कोणी गेले असेल तर त्यांच्या पासबुकात ४३६ किंवा २० रुपयांची नोंद आहे का, हे जरूर पाहा. आपला विमा होता हेच अनेक कुटुंबांना माहीत नसते.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे. तक्रारीसोबत पॉलिसी, हप्त्यांच्या पावत्या आणि नकाराचे पत्र यांच्या प्रती जोडा, मूळ कागद मात्र घरीच ठेवा.