मुलांना 'टाइमपास'सारखे सिनेमे एवढे का आवडतात?



सातवी-आठवीची मुलं मोबाइलवर बघतात तरी काय, हा प्रश्न आमच्या दासगावच्या पालकसभेतही निघतो. उत्तरात बहुतेक वेळा शाळकरी प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे असतात. लगेच कपाळाला आठ्या! पण मुलांना त्यात काय सापडतं, ते आधी बघू या.

रवी जाधव यांचा 'टाइमपास' (२०१४) घ्या. दहावीत गटांगळ्या खाणारा दगडू आणि कडक शिस्तीच्या घरातली प्राजक्ता. यातल्या अडचणी मुलांच्या ओळखीच्या असतात : वडिलांचा धाक, मित्रांची चेष्टा, बोलायला गेलं की तोंडातून भलतंच निघणं. बारा-तेराव्या वर्षी शरीर बदलतं, कुणीतरी आवडायला लागतं, आणि याबद्दल घरात कुणीच बोलत नाही. मूल आतल्या आत लाजतं. पडद्यावरचा हिरो त्याच गोष्टीपायी फजीत होतो तेव्हा ते पोट धरून हसतं. हसता हसता त्याला कळतं, की हे फक्त आपल्यालाच होत नाही. हा दिलासा आपण मोठ्यांनी द्यायला हवा होता, तो सिनेमा देतो. शिवाय स्वतः काही धोका न पत्करता प्रेमाची धडधड अनुभवता येते, हेही आहेच.

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा' तर शिक्षकांनी बघावाच. काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत. वर्गातल्या शिरोडकरकडे नुसतं बघण्यातच त्याचा दिवस जातो. तसं म्हटलं तर घडत काहीच नाही, पण ते वय सगळं त्यात आलंय. (मला स्वतःला 'टाइमपास'पेक्षा हाच जास्त आवडतो.)

आता खटकणारी बाजू. अशा बऱ्याच सिनेमांत मुलीच्या मागे मागे फिरणं ही गंमत असते आणि शेवटी ती 'हो' म्हणते. मुलं हे सहज उचलतात. मी वर्गात विचारते, "तिला ते आवडत होतं का? कशावरून?" मुलगे गप्प होतात, मुली बोलायला लागतात. मग चर्चा अशी रंगते म्हणता!

'सैराट' (२०१६) अर्धाअधिक असाच हसराखेळता आहे. मग जात आडवी येते आणि शेवट अंगावर येतो. मोठ्या मुलांशी त्यावर जरूर बोला. मुलीचं लग्न अठराच्या आधी आणि मुलाचं एकविसाच्या आधी कायद्याने होत नाही, हेही तेव्हाच सांगा. सिनेमा ते सांगत बसत नाही.

मोबाइलमध्ये असला सिनेमा सापडला तर मुलाला चार शिव्या बसतात आणि विषय संपतो. मुलीचं मात्र मैत्रिणींकडे जाणं बंद, कधी कधी शाळासुद्धा. सातवीनंतर पुढच्या शिक्षणासाठी लांब जावं लागत असेल, तर घरच्यांना तेवढंच निमित्त पुरतं. म्हणून पालकहो, मोबाइल हिसकावू नका. रविवारी एखादा सिनेमा तिच्या शेजारी बसून बघा. ती कुठे हसते आणि कुठे मान खाली घालते, तिकडे लक्ष ठेवा. प्रश्न लगेच नको, जेवताना विचारा.