दोन यंत्रांखालून गेलेला शेक्सपिअर

उंच कपाळ, कानांवर आलेले केस आणि थाळीसारखी ताठ पांढरी कॉलर. शेक्सपिअर म्हटलं की जगभर हाच चेहरा आठवतो. तो १६२३ साली लंडनमध्ये, त्याच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहाच्या शीर्षकपानावर छापला गेला. शेक्सपिअर जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मार्टिन ड्रूशाउटनं तो तांब्याच्या पत्र्यावर कोरला होता.

मी थक्क होतो ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या पानावरची अक्षरं आणि हा चेहरा एका यंत्रावर छापणं शक्यच नव्हतं! अक्षरांचे खिळे उठावाचे. शाई त्यांच्या माथ्यावर बसते आणि तिथून कागदावर उतरते. तांब्याचं नेमकं उलट. शाई कोरलेल्या खाचांत भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा, त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून इतक्या जोरानं दाबून काढायचा की कागदच खाचांत शिरून शाई उचलून आणेल. प्रत्येक कागदासाठी पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. प्रती साधारण साडेसातशे निघाल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतलं प्रत्येक शीर्षकपान दोन यंत्रांखालून गेलं.

सुरुवातीच्या मोजक्या ठशांत कॉलरवर डोक्याची सावली नाही, त्यामुळे डोकं अधांतरी वाटतं. मग पत्र्यावर नव्या रेघा कोरून सावली घातली गेली. पुढे केसांत आणि डोळ्यांतही बारीक फेरफार झाले. कोणता ठसा आधीचा, हे आजही त्या रेघांवरून कळतं.

या चित्राला नावं ठेवणारे पुष्कळ. डोकं अंगाच्या मानानं मोठं आहे, हे खरंच. पण शेजारच्या पानावर नाटककार बेन जॉन्सननं कोरणाऱ्याची बाजू घेतली आणि वाचकाला चित्र सोडून पुस्तक पाहायला सांगितलं. जॉन्सन शेक्सपिअरला जवळून ओळखत होता, म्हणून त्याची साक्ष मला मोलाची वाटते.

जॉन मिल्टन इतका उदार नव्हता. त्याच्या १६४५च्या कवितासंग्रहासाठी विल्यम मार्शलनं कोरलेलं चित्र त्याला मुळीच रुचलं नाही. चित्राखाली घालायला त्यानं ग्रीक ओळी दिल्या. त्यांत कोरणाऱ्याच्याच कसबाची खिल्ली होती, आणि त्या तशाच तांब्यावर कोरल्या गेल्या, छापल्याही गेल्या.

ड्रूशाउटचा पत्रा मात्र, डागडुजी होत होत, १६८५च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत म्हणजे ६२ वर्षं वापरात राहिला.