फ्रिजमधली कोय का रुजली नाही?

बालमित्रांनो, आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोळी रायवळ आंब्याचं जुनं झाड होतं. मे महिन्यातल्या वादळात ते उन्मळून पडलं. शेवटच्या आंब्यांच्या पाच कोया तिने पावसाळ्यात लावायच्या म्हणून फ्रिजमध्ये जपून ठेवल्या. जूनअखेर त्या पेरल्या. पण एकही रुजली नाही! "बाई, मी तर नीट सांभाळल्या होत्या ना?" असं विचारताना तिचे डोळे भरून आले.

मग चुकलं कुठे?

ज्वारी-गव्हाचा दाणा कणसात, ओंबीतच वाळतो. पाणी अगदी थोडं उरतं आणि आतला जीव जणू गाढ झोपतो. असं बी थंडीत उलट जास्त टिकतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली सुरू झालेल्या बीजभांडारात अशा बियांचे लाखो नमुने उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवले आहेत.

आंब्याची कोय, फणसाची आठळी, कोकोचं बी यांचं मात्र वेगळं असतं बरं का! ती ओलीच खाली पडतात. झोप नाहीच, लगेच रुजायची घाई! हिवाळ्यात खोबरेल तेल थिजतं ना? बियांच्या पेशींच्या पातळ आवरणातही तेलासारखे पदार्थ असतात. फ्रिजच्या गारठ्यात ते ताठरतात, आवरण बिघडतं आणि पेशी मरू लागतात. फ्रीझरमध्ये तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतातच. गोठवलेला टोमॅटो बाहेर काढला की कसा लिबलिबीत होतो, आठवा!

मग वाळवून ठेवली तर? छे! पाणी गेलं की अशी बी मरतेच. म्हणून तर शास्त्रज्ञ अशा बियांना 'हट्टी' म्हणतात. आंब्या-फणसाच्या जाती सांभाळायच्या त्या बहुधा बागेत, जिवंत झाडांच्या रूपात. एखादी जुनी आमराई तुटली, की तिची भरपाई कपाटातल्या डबीतून होत नाही.

तेव्हा दोस्तांनो, गोड रायवळ आंबा खाल्लात की कोय धुऊन त्याच आठवड्यात लावा. खाली भोकं पाडलेली दुधाची पिशवीही चालेल. माती ओलसर ठेवा. नव्या झाडाची चव अगदी तीच येईल असं नाही. तीच हवी असेल तर झाड उभं असतानाच मोठ्या माणसांकडून कलम करून घ्या.

आमच्या त्या मैत्रिणीने यंदा दुसऱ्या झाडाची कोय खाल्ल्या दिवशीच लावली. तिला तांबूस पानं फुटली आहेत!